वंडर वुमन कोणाच्या मालकीची?

(अभ्यासवर्गातील भाषण)



आजच्या विषयाचे नाव फलकावर वाचून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. महागाई, शेतमालाचे भाव, कंत्राटी कामगारांचे प्रश्न हे अभ्यासवर्गाचे नेहमीचे विषय. त्यांच्या पंगतीला अमेरिकन चित्रकथेतील एक नायिका, ताऱ्यांची नक्षी असलेली तोकडी वस्त्रे ल्यालेली, मनगटातल्या कड्यांवर बंदुकीच्या गोळ्या झेलणारी वंडर वुमन, कशासाठी आणून बसवायची? शंका रास्त आहे. परंतु जे वाङ्मय पोरकट म्हणून आपण बाजूला सारतो तेच लक्षावधी मुलांच्या हाती पडत असते. बाईमाणसाने कोणते काम करावे, कोणासाठी करावे आणि किती मोबदल्यात करावे याचे पहिले धडे पुष्कळदा तेथेच गिरवले जातात.

शिवाय या नायिकेचा इतिहास अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला विशेष उद्बोधक आहे. १९४१ साली ती जन्माला आली आणि पुढच्या आठ दशकांत तिचे रूप पाच-सहा वेळा मुळापासून पालटले. कधी ती रणांगण गाजवणारी, कधी सभेचे इतिवृत्त लिहिणारी, कधी लग्नासाठी झुरणारी, तर कधी चक्क कपड्यांच्या दुकानाची मालकीण. चित्रकथांचे शौकीन या पालटांचे श्रेय लेखकांच्या आणि चित्रकारांच्या लहरीला देतात. लहरीचा भाग असेलही. पण या पालटांच्या तारखा श्रमबाजाराच्या आणि कंपन्यांच्या खरेदीविक्रीच्या तारखांशेजारी मांडल्या म्हणजे निराळेच चित्र दिसू लागते.

तिचा जनक विल्यम मोल्टन मार्स्टन हा हार्वर्ड विद्यापीठाचा पदवीधर, मानसशास्त्राचा डॉक्टर आणि वकीलही. माणूस खोटे बोलताना त्याचा रक्तदाब बदलतो या गृहीतावर त्याने असत्यशोधनाची एक चाचणी बेतली होती. ती न्यायालयात पुरावा म्हणून ग्राह्य धरावी यासाठी खटपटही केली. १९२३ साली फ्राय खटल्यातील अपील न्यायालयाने ती झिडकारली. वंडर वुमनच्या हातातील पाशात सापडलेला माणूस खरे बोलू लागतो, या कल्पनेचे मूळ पुष्कळ जण या चाचणीत शोधतात. एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात फिरता फिरता मार्स्टनची अध्यापनाची कारकीर्द संपुष्टात आली, आणि चाळिशी उलटल्यावर तो चित्रकथांच्या धंद्यात शिरला. प्रकाशक मॅक्स गेन्स याला त्या काळी प्रतिष्ठित सल्लागारांची निकड होती. १९४० पासून वृत्तपत्रांनी चित्रकथांवर टीकेची झोड उठवली होती, आणि डॉक्टरेट मिळवलेला मानसशास्त्रज्ञ पदरी असणे ही गेन्सच्या दृष्टीने एक ढालच होती.

मार्स्टनच्या घराची हकीगत त्याच्या कथांइतकीच महत्त्वाची आहे. त्या घरात दोन स्त्रिया होत्या: पत्नी एलिझाबेथ हॉलोवे आणि सहचरी ऑलिव्ह बर्न. दोघींना मार्स्टनपासून दोन-दोन मुले झाली. एलिझाबेथ मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीत नोकरी करी. मार्स्टनच्या बेकारीच्या वर्षांत घराचा गाडा मुख्यतः तिच्याच पगारावर चाले. चारही मुलांचे संगोपन ऑलिव्ह करी. ती कामे कोणाच्याही हिशेबवहीत नोंदली गेली नाहीत. स्त्रीस्वातंत्र्यावर लिहिणाऱ्या पुरुषाच्या लेखणीला असे दुहेरी बळ होते, एकीच्या पगाराचे आणि दुसरीच्या बिनपगारी राबणुकीचे. वंडर वुमनच्या मनगटांतली कडी ऑलिव्हच्या हातातल्या कड्यांवरून घेतलेली आहेत. ही सारी कहाणी जिल लेपोर या इतिहासकार विदुषीने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात साधार मांडली. तोवर तिचा पुष्कळ भाग घराच्या चार भिंतींआड राहिला होता.

ऑलिव्ह ही एथेल बर्न हिची मुलगी आणि मार्गारेट सँगर हिची भाची. या दोघी बहिणींनी १९१६ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात अमेरिकेतील पहिले संततिनियमन केंद्र उघडले. त्याबद्दल एथेलला १९१७ साली तुरुंगवास झाला. तिने अन्नत्याग केला आणि तुरुंगाधिकाऱ्यांनी तिच्या घशात नळी घालून अन्न ओतले. मार्गारेट सँगरचे नाव महाराष्ट्राला परके नाही. १९३५ च्या डिसेंबरात ती वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटली होती. संयमाखेरीज दुसरा मार्ग गांधीजींना मान्य नव्हता आणि केवळ संयमाचा उपदेश बाईच्या उपयोगाचा नाही हे सँगरचे म्हणणे. भेट सौजन्याची झाली, मतभेद जिथल्या तिथे राहिले. त्याआधी चौदा वर्षे, १९२१ साली, रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले होते, आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवून समाजाचा रोषही पत्करला होता. तेव्हा अमेरिकेतील त्या चित्रकथेच्या मुळाशी असलेली चळवळ आपल्या ओळखीचीच आहे.

चित्रकार हॅरी पीटर याने तरुणपणी ‘जज’ या विनोदी साप्ताहिकात काम केले होते. त्याच साप्ताहिकात लू रॉजर्स ही चित्रकर्ती स्त्रियांच्या मताधिकारासाठी व्यंगचित्रे काढी. साखळदंड तोडणारी स्त्री ही त्या चळवळीची आवडती प्रतिमा. वंडर वुमनला कथेगणिक कोणीतरी साखळदंडांत जखडतो आणि ती ते तोडते, याचा उगम तिथे आहे. तथापि हे इतकेच म्हणून सोडून देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. साखळदंडांचे चित्रण इतक्या चवीने आणि इतक्या वारंवार होई की प्रकाशकाच्याच सल्लागार मंडळावरील जोझेट फ्रँक या बाईंनी १९४३ साली त्यावर हरकत घेतली, आणि ती गैर नव्हती. मार्स्टनचे तत्त्वज्ञानही समतेचे नव्हते. स्त्रिया पुरुषांहून अधिक प्रेमळ, म्हणून सत्ता त्यांनी चालवावी आणि पुरुषांनी ती आनंदाने मानावी असे तो म्हणे. राजा बदलून राणी बसवण्याचाच हा प्रकार होता. समाजवादी माणसाला त्यात हुरळून जाण्यासारखे काही नाही.

मग त्या कथांत घेण्याजोगे काय होते? दोन उदाहरणे पाहू. दोन्ही १९४२ च्या उन्हाळ्यातली आणि दोन्ही ‘सेन्सेशन कॉमिक्स’ या मासिकातली.

जुलैच्या अंकात दुधाची कथा आहे. एक बडी कंपनी दुधाचे भाव इतके चढवते की गरिबांची मुले उपाशी पडतात. वंडर वुमन आया आणि मुलांचा प्रचंड मोर्चा काढते. मक्तेदारी म्हणजे काय हे दहा सेंटच्या चोपडीत मुलांना इतक्या सोप्या रीतीने क्वचितच कोणी शिकवले असेल. पण शेवटी उलगडा असा होतो की या भाववाढीमागे जर्मन हेरांचे कारस्थान आहे! मक्तेदार आपल्या स्वभावधर्मानेच भाव चढवतो, त्याला हिटलरच्या चिथावणीची गरज नसते, हे सांगण्याइतकी मोकळीक लेखकाला नसावी, किंवा त्याला ते उमगले नसावे. युद्धकाळ होता, साऱ्या पापांचे माप शत्रूच्या पदरात घालण्याची सोय होती.

ऑगस्टच्या अंकातली कथा अधिक मोलाची. बुलफिंच नावाच्या मोठ्या दुकानातील विक्रेत्या मुली तुटपुंज्या पगाराला कंटाळून संपावर जातात. दुकानाची मालकीण ग्लोरिया बुलफिंच ही गर्भश्रीमंत तरुणी. आपल्या दुकानात कोणाला किती पगार मिळतो याचा तिला पत्ताही नाही. वंडर वुमन संपकरी मुलींची बाजू घेते आणि पाशाच्या प्रभावाखाली ग्लोरियाला आपली ओळख विसरायला लावून तिच्याच दुकानात साधी विक्रेती म्हणून राबवते. तासन् तास उभे राहून पाय सुजणे, वरिष्ठांची बोलणी खाणे आणि आठवड्याच्या शेवटी हाती पडणारा तो तुटपुंजा पगार, हे सारे अनुभवल्यावर मालकिणीचे डोळे उघडतात आणि ती पगार दुप्पट करते.

येथे कोणालाही गांधीजींची विश्वस्तवृत्ती आणि हृदयपरिवर्तन आठवेल. फरक एवढाच की हृदयपरिवर्तन घडवायला येथे जादूचा पाश लागला! गंमत बाजूला ठेवली तरी या कथेत एक उणीव आहे आणि एक बळ आहे. उणीव अशी की संप जिंकला तो मुलींच्या संघटनेने नव्हे, तर आकाशातून उतरलेल्या देवतेने; कथा संपते तेव्हा पगार दुप्पट झालेला असतो, पण तो पुन्हा घटू नये यासाठी कोणती संघटना उरते याचा पत्ता नसतो. बळ असे की अतिमानवी शक्तीच्या नायिकेने, तोही महायुद्ध चालू असताना, विक्रेत्या मुलींच्या पगाराचा प्रश्न आपला मानला. पुरुष नायक बँक लुटणाऱ्यांना पकडत होते. ही बाई दुकानाच्या पाठीमागच्या दारी मुलींना किती पगार मिळतो हे विचारत होती.

हे १९४२ सालीच का शक्य झाले? १९४० साली अमेरिकेच्या श्रमशक्तीत स्त्रियांचे प्रमाण सुमारे २७ टक्के होते. १९४५ पर्यंत ते ३७ टक्क्यांच्या आसपास पोहोचले. विमानांचे सांगाडे जोडायला, जहाजांचे पत्रे सांधायला, दारूगोळा भरायला हात हवे होते आणि पुरुषांचे हात बंदुकीत गुंतले होते. कामकरी आयांच्या मुलांसाठी लॅनहॅम कायद्याखाली सरकारी पैशातून पाळणाघरेही निघाली. कालपर्यंत नाजूक ठरवलेली बाई एका रात्रीत बळकट ठरली, कारण भांडवलाला आणि राष्ट्राला तिच्या बळाची गरज पडली. वंडर वुमन याच हवेत वाढली. ‘सेन्सेशन कॉमिक्स’मध्ये ती १९४२ च्या आरंभापासून मुखपृष्ठावर होती; त्याच उन्हाळ्यात तिचे स्वतंत्र नियतकालिक निघाले. त्यात टेनिसपटू ॲलिस मार्बल हिच्या देखरेखीखाली इतिहासातील कर्तबगार स्त्रियांची चित्रमय चरित्रे येत. पहिले चरित्र फ्लॉरेन्स नाइटिंगेलचे होते.

तरी त्या काळातही पाय मागे खेचणारे होतेच. मार्स्टनच्या हातून ती सुटून दुसऱ्या लेखकाकडे गेली की काय व्हायचे याचा मासला १९४२ मध्येच मिळाला. सर्व अद्भुत नायकांच्या मंडळात तिला प्रवेश मिळाला, पण पद मिळाले ते चिटणिसाचे. सारे वीर युद्धावर निघाले की ही साऱ्यांहून बलवान असलेली बाई पत्रव्यवहार पाहायला मागे राही. पक्षाच्या आणि कामगार संघटनांच्या कार्यालयांतून वावरलेल्या भगिनींना यावर अधिक भाष्य नको असावे.

१९४५ साली युद्ध संपले. सैनिक परतले, कारखान्यांतून बायकांना नारळ मिळाला, १९४६ साली पाळणाघरांचा केंद्रीय निधी थांबला. १९४७ च्या मे महिन्यात मार्स्टन वारला. त्यानंतर एलिझाबेथने, जिने संपादनाचे आणि कचेरीचे काम वर्षानुवर्षे केले होते, वंडर वुमनच्या संपादनाचे काम आपल्याकडे द्यावे म्हणून प्रकाशकांना विनवले. त्यांनी ते दिले नाही. काम गेले रॉबर्ट कॅनिगर या पुरुष लेखकाकडे आणि दोन दशके त्याच्याकडेच राहिले. १९४९ च्या एका मुखपृष्ठावर वंडर वुमन आपल्या प्रियकराच्या हातांवर आहे आणि तो तिला उचलून ओढा पार करतो आहे; पायांत युद्धाचे बूट जाऊन नाजूक पादत्राणे आली आहेत. विमाने उचलणारी बाई ओढा ओलांडू शकेना! कर्तबगार स्त्रियांची चरित्रे हळूहळू आटली आणि त्यांच्या जागी निरनिराळ्या देशांतील विवाहप्रथांची मनोरंजक माहिती येऊ लागली. कोणी कट केला असे मानण्याचे कारण नाही. घरी परतलेल्या बाईने घरीच रमावे ही त्या वेळच्या साऱ्या व्यवस्थेचीच गरज होती. चित्रकथा तिच्यामागे फरफटत गेली.

त्यातच १९५४ साली फ्रेडरिक वर्थम या मनोविकारतज्ज्ञाचा चित्रकथांवर घणाघात करणारा ग्रंथ आला. वंडर वुमनची पुरुषांविना चालणारी दुनिया त्याला मुलींच्या दृष्टीने विकृत वाटली. त्याच वर्षी धंद्याने स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली आणि उरलीसुरली धारही गेली. वर्थम प्रतिगामी होता असे मात्र समजू नये. याच गृहस्थाने १९४६ साली न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत, एका चर्चच्या तळघरात, काळ्या गोरगरिबांसाठी पंचवीस सेंटांत उपचार करणारे मानसोपचार केंद्र चालवले होते. आणि त्याला नाव दिले होते लाफार्ग यांचे. होय, मार्क्सचे जावई पॉल लाफार्ग! वर्णभेदी शाळांमुळे मुलांच्या मनावर होणाऱ्या आघातांबद्दलची त्याची साक्ष शाळांतील वर्णभेद मोडणाऱ्या खटल्यांत उपयोगी पडली. असा माणूस स्वावलंबी स्त्रीच्या चित्राला मात्र बिचकला. पुरोगामी मंडळींची नजर वर्गावर आणि वर्णावर स्थिर असताना स्त्रीप्रश्नावर कशी डळमळते, याची उदाहरणे शोधायला अमेरिकेलाच जावे लागते असे नाही.

साठीचे दशक उजाडले. १९६३ साली समान वेतनाचा कायदा अमेरिकेत संमत झाला, स्त्रिया पुन्हा चळवळीच्या वाटेला लागल्या. आणि नेमक्या याच काळात, १९६८ च्या अखेरीस, वंडर वुमनने आपल्या साऱ्या शक्ती सोडून दिल्या. खप घसरत होता, प्रकाशकांना नवा साज हवा होता. कड्या गेल्या, पाश गेला, प्रियकर पुढच्याच वर्षी मारला गेला. ती पांढरे कपडे घालून एका अंध चिनी गुरूकडून हातघाईची विद्या शिकू लागली आणि पोटासाठी तिने कपड्यांचे दुकान थाटले. लेखकांना प्रामाणिकपणे वाटत होते की दैवी शक्तीवाचून स्वतःच्या हिमतीवर लढणारी बाई अधिक आधुनिक आहे. त्यात तथ्य नाही असे नाही. पण बुलफिंचच्या विक्रेत्या मुलींची कैवारीण सव्वीस वर्षांनी गल्ल्यावर जाऊन बसली हेही तितकेच खरे.

दरम्यान मालकी बदलली होती. १९६७ साली किनी नॅशनल या कंपनीने तिच्या प्रकाशनसंस्थेचा ताबा घेतला. किनीचा धंदा गाड्या उभ्या करण्याच्या जागांचा, इमारतींच्या सफाईचा आणि अंत्यविधी पार पाडून देण्याच्या दुकानांचा. दोन वर्षांनी याच कंपनीने वॉर्नर हा चित्रपटांचा कारखाना विकत घेतला आणि १९७२ साली तिचे नाव वॉर्नर कम्युनिकेशन्स झाले. त्याच १९७२ च्या जुलैत ग्लोरिया स्टायनेम आणि तिच्या सहकारिणींच्या ‘मिस’ या स्त्रीमुक्तीवादी मासिकाचा पहिला नियमित अंक निघाला. मुखपृष्ठावर वंडर वुमन, राक्षसिणीसारखी प्रचंड, रस्त्यावरून पावले टाकीत चाललेली. आणि वर घोषणा, तिला अध्यक्ष करा. ‘मिस’मध्ये वॉर्नरने दहा लाख डॉलर गुंतवून २५ टक्के भाग घेतला होता. म्हणजे मुखपृष्ठावरील प्रतिमा आणि मासिकाचा चतुर्थांश एकाच मालकाच्या खिशात होते. स्टायनेमची निष्ठा संशयास्पद होती असे यातून सुचवायचे नाही. लहानपणी तिने या कथा वाचल्या होत्या आणि त्यांनी तिला बळ दिले होते, हे ती मनापासून सांगे. परंतु एकच चित्र एकाच वेळी चळवळीचा झेंडा आणि कंपनीच्या मालाची जाहिरात होऊ शकते, ही भांडवलशाहीची करामत कार्यकर्त्यांनी नीट पाहून ठेवावी अशी आहे.

आता त्याच वर्षी त्याच कंपनीच्या कचेरीत काय चालले होते ते पाहा. सॅम्युएल डेलनी या तरुण काळ्या विज्ञानकथालेखकाकडे वंडर वुमनचे लेखन आले होते. १९७२ च्या डिसेंबरचा, २०३ क्रमांकाचा अंक स्त्रीमुक्ती विशेषांक म्हणून निघाला. कथा पुन्हा एका मोठ्या दुकानाची! ग्रँडी नावाचा मालक आपल्या कपड्यांच्या जाहिरातीसाठी वंडर वुमनला भरपूर पैसे देऊ करतो आणि ती ते स्वीकारते. मग तिला कळते की तो बायकांना कायद्याच्या किमान वेतनापेक्षाही कमी देतो. स्त्रीमुक्तीच्या गटातील बायका तिला येऊन जाब विचारतात. प्रथम ती कां कू करते, चळवळ हा आपला प्रांत नव्हे म्हणते. अखेर त्यांच्या बाजूने उभी राहते आणि दुकान बंद पाडते. सगळ्या आनंदात असतानाच दार उघडते आणि दुकानातल्या कामकरी बायकांचा जमाव आत घुसतो. त्या संतापलेल्या आहेत. दुकान बंद झाले, आमची नोकरी गेली, आता खायचे काय?

आणि कथा तिथेच थांबते.

१९४२ च्या कथेपेक्षा ही कथा कितीतरी पुढची आहे. येथे मालकाचे हृदयपरिवर्तन नाही. येथे नायिका स्वतः मालकाच्या पैशाच्या मोहात पडलेली आहे, आणि तिला वळणावर आणतात त्या साध्या बायका. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तो शेवटचा प्रश्न. ज्याने टाळेबंदी पाहिली आहे, तडजोड करून कमी पगार स्वीकारावा की लढून कारखानाच गमवावा या पेचात सापडलेल्या कामगारांच्या सभेत जो बसला आहे, त्याला त्या दारातल्या बायकांचे चेहरे ओळखू येतील. समान वेतनाची मागणी न्याय्य आहे. पण ती मान्य करण्याऐवजी मालकाने कुलूप लावले तर पुढे काय? कायदा, संघटना, बेकारीचा भत्ता, सहकारी मालकी, यांपैकी कशाने त्या बायकांच्या चुली पेटतील? एवढ्याशा चोपडीकडून उत्तराची अपेक्षा नव्हती. प्रश्न तिथे उमटला हेच पुष्कळ.

पुढचा अंक त्या प्रश्नापासून सुरू व्हायला हवा होता. डेलनीने सहा अंकांची मालिका योजली होती आणि तिचा शेवट स्त्री शल्यविशारदांनी चालवलेल्या गर्भपात केंद्राच्या रक्षणाने व्हायचा होता. सँगर आणि बर्न भगिनींच्या १९१६ च्या त्या केंद्राशी हा धागा आपोआप जुळला असता. पण मालिका लिहिली गेलीच नाही. वंडर वुमनची जुनी वस्त्रे आणि शक्ती तिला परत द्याव्यात असा आग्रह स्टायनेमने प्रकाशकांकडे धरला होता. डेलनीने पुढे सांगितले त्याप्रमाणे त्यात चालू असलेली कथा गुंडाळली गेली. ती कथा काय होती हे स्टायनेमला ठाऊकही नव्हते. १९७३ च्या आरंभी २०४ क्रमांकाचा अंक आला तो पुन्हा कॅनिगरचा. शक्ती परत आल्या, पाश परत आला. दुकानातल्या बायका परत आल्या नाहीत. त्या अंकाच्या आरंभीच एका स्त्री-मासिकाची संपादिका गोळी लागून मरते. तिचे नाव आणि वर्णन याच प्रकाशनसंस्थेतील एका स्त्री संपादिकेवर बेतलेले होते हे धंद्यातल्या लोकांनी तेव्हाच ओळखले. पुरुषी सूड किती क्षुद्र असू शकतो याचा हा नमुना.

एका मित्राच्या हातून दुसऱ्या मित्राचे नुकसान व्हावे तसा हा प्रकार झाला. प्रतीक हवे असलेल्यांनी प्रतीक मिळवले, आणि त्या खटाटोपात प्रश्न हातचा गेला. त्या काळी हे कोणाच्याच ध्यानात आले नाही असेही नाही. न्यूयॉर्कच्या रेडस्टॉकिंग्ज या जहाल स्त्रीगटाने १९७५ साली ‘मिस’वर आणि तिच्यामागील कंपनीच्या पैशावर कडाडून टीका केली, पुराणातल्या देवतांना पूजत बसण्याच्या नादात जमिनीवर लढणाऱ्या बायका आणि त्यांची संघटना नजरेआड होते, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ होता. त्यांचे इतर काही आरोप अतिरेकी होते. हा आरोप नव्हता.

यानंतरचा इतिहास झपाट्याने सांगता येतो. १९७५ ते १९७९ या काळात लिंडा कार्टरने दूरचित्रवाणीवर तिला घरोघर नेले. १९८६ च्या आरंभी जुनी मालिका वंडर वुमनचे लग्न लावून बंद करण्यात आली, आणि १९८७ साली जॉर्ज पेरेझ आणि संपादिका कॅरन बर्जर यांनी तिला नव्याने उभे केले. त्या आवृत्तीत तिच्या बेटावरील स्त्रिया म्हणजे पुरुषांच्या अत्याचाराला बळी पडलेल्या बायकांचे पुनर्जन्म. ही कल्पना गंभीर होती आणि तिचा आदर करायला हवा. २०११ साली मात्र तिच्या जन्मकथेलाच हात लागला. आईने मातीची बाहुली घडवली आणि देवतांनी तिच्यात प्राण ओतले ही मूळची कथा जाऊन ती ग्रीकांच्या देवराजाची मुलगी ठरली. सत्तर वर्षे बापाविना निभावले होते. अखेर वंशावळीत बाप आलाच.

२०१६ च्या ऑक्टोबरात संयुक्त राष्ट्रसंघाने स्त्रियांच्या आणि मुलींच्या सक्षमीकरणासाठी तिची मानद राजदूत म्हणून नेमणूक केली. त्याच महिन्यात सरचिटणीसपदासाठी उभ्या असलेल्या सातही स्त्रियांना वगळून एका पुरुषाची निवड झाली होती. संघाच्या कर्मचाऱ्यांनी समारंभात पाठ फिरवून मूक निषेध केला, सुमारे ४५ हजार सह्यांचे निवेदन गेले आणि डिसेंबरात हे राजदूतपद आटोपले. हाडामांसाच्या बाईला जागा देणे जड जाते तिथे कागदावरची बाई सोयीची पडते. तिला पगार नसतो आणि मतही नसते. पुढच्या वर्षी पॅटी जेंकिन्स या दिग्दर्शिकेचा चित्रपट आला, त्याने जगभर ८२ कोटी डॉलरच्या वर गल्ला जमवला, चित्रपटगृहांतून मुली आनंदाने ओरडल्या. लेबनॉनने त्यावर बंदी घातली, कारण प्रमुख अभिनेत्री इस्रायली सैन्यात सेवा केलेली होती. मालकी तोवर वॉर्नरवरून टाइम-वॉर्नरकडे गेलेली होती, २०१८ साली ती एटी अँड टी या दूरसंचार कंपनीकडे आणि २०२२ साली वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरीकडे गेली. हे प्रत्येक हस्तांतर ताळेबंदाच्या आकड्यांवर ठरले.

शेवटी एका बाईविषयी सांगायचे राहिले. १९४४ साली मार्स्टनने आपल्याच एका विद्यार्थिनीला, जॉय हमेल हिला, हाताखाली घेतले. ती तेव्हा विशीच्या उंबरठ्यावर होती. मार्स्टन आजारी पडला आणि खाटेला खिळला, तसतसे तिने कथा लिहायला घेतले. १९४७ पर्यंत वंडर वुमनच्या कित्येक कथा तिच्या लेखणीतून उतरल्या. तिला मोबदला मिळे. नाव छापले जात नसे. छापले जाई ते चार्ल्स मोल्टन, म्हणजे मार्स्टनचे टोपणनाव. लग्नानंतर, मार्स्टनच्या मृत्यूच्या वर्षीच, तिने ते काम सोडले. वंडर वुमनच्या लेखिका म्हणून एखाद्या स्त्रीचे नाव पानावर यायला १९८३ साल उजाडावे लागले. जॉय हमेलचे काम जगाला ठाऊक झाले ते लेपोरबाईंच्या ग्रंथामुळे, आणि २०१८ साली, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी, चित्रकथांतील उपेक्षित लेखकांसाठी असलेला बिल फिंगर पुरस्कार तिला मिळाला. २०२१ च्या एप्रिलमध्ये ती वारली. तिने लिहिलेल्या कथा आजही नव्या आवृत्त्यांतून विकल्या जातात.